साठ पावलांवरची मुंबई

माझी नात पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर मुंबईला जाणार आहे. काल संध्याकाळी तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मुंबईत बघायच्या पंचवीस जागा आणि करायच्या पंचवीस गोष्टी. मी चष्मा लावून यादी वरखाली केली. गेटवे होता, लेणी होती, बोटीतली फेरी होती, कुठल्याशा गल्लीतला वडापाव होता, सूर्यास्त कुठून बघायचा तेही होतं. मी म्हटलं, यादी छान आहे, पण बसायचं कुठे ते यात दिलेलं नाही. ती हसली. बसायला कुणी मुंबईला जातं का, म्हणाली.

जातात. मी अकरा वेळा गेलोय. सोपानराव मोऱ्यांबरोबर.

सोपानराव केडगावात आमच्या समोरच्या घरात राहायचे. मूळचे जामखेडकडचे, एसटीत तीस वर्षं कंडक्टर. तीस वर्षं म्हणजे तीस वर्षं उभे. निवृत्तीला पायांच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आलेल्या होत्या, पण त्यांच्या तोंडून पायाविषयी कधी चकार शब्द नाही. आवाज मात्र नोकरीतलाच राहिला. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला तरी हे पाटावरून शेजाऱ्याला म्हणायचे, "पुढं सरका." माणसांना माणसं म्हणायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. पाहुणे किती आले विचारलं तर सांगायचे, सात सीट आलेत, एक हाफ.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दरवर्षी आपल्या मुलखातल्या लोकांना मुंबई दाखवायला न्यायचं ठरवलं. ज्वारी पाखरं राखण्याजोगी व्हायच्या आधीचे दोन-तीन मोकळे दिवस गाठायचे, एक बस ठरवायची आणि पहाटे केडगावातून निघायचं. माणसं बहुतेक शेतकरी, त्यातही बायाच जास्त. मी पंचायत समितीतून निवृत्त झालेला कारकून, आडनाव कुलकर्णी, पण सगळा गाव मला भाऊसाहेब म्हणतो. पाट्या वाचायला आणि लिहायला एक माणूस पाहिजे म्हणून त्यांनी पहिल्या वर्षी मला जवळजवळ उचलूनच नेलं. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि घर खायला उठत होतं, म्हणून गेलो. प्रवासाची हौस मला कधीच नव्हती. आजही नाही.

पहिल्याच दिवशी मला कळलं की हा माणूस मुंबई दाखवत नाही, मुंबईत बसवतो. राणीच्या बागेत शिरल्यावर बाकीच्या सहली पिंजऱ्यांकडे पळाल्या. आमची सहल एका मोठ्या झाडाखालच्या ओट्यावर जाऊन टेकली. पाणी पिऊन झालं, भाकरीची फडकी सुटली, शेंगदाण्याची चटणी फिरली, आणि मग पाच-पाच जणांनी उठून हत्ती बघून यायचं, असा हुकूम झाला. मी जरा कुरकुर केली. एवढ्या लांब येऊन झाडाखालीच बसायचं तर जामखेडला काय झाडं नव्हती? त्यावर त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं.

"भाऊसाहेब, पाय दुखले की डोळं मिटत्यात. मग हत्ती काय आन् म्हस काय."

त्यांच्याकडे शंभर पानी वही होती. त्यात मुंबईतली एकेक जागा लिहिलेली आणि पुढे चार रकाने: सावली, पाणी, संडास आणि कोण उठवतं. चौथा रकाना त्यांचा खास. गेटवेपुढे लिहिलं होतं, ‘बसायला नाही, फोटो काढून निघणे.’ मोठ्या स्टेशनच्या वेटिंग हॉलपुढे, ‘थंड आहे, पोलीस विचारतो, गाडीचं नाव तयार ठेवणे.’ एका सरकारी इस्पितळाची ओपीडीसुद्धा वहीत होती, तिथे कितीही वेळ बसलं तरी कुणी का बसलात म्हणून विचारत नाही असा शेरा होता. मी म्हटलं, अहो, सहलीला कुणी ओपीडी दाखवतं का? ते म्हणाले, दाखवायची न्हाई, टेकायचं. एकदा एका बाईला उन्हाने भोवळ आली तेव्हा आम्ही खरंच तिथे तासभर टेकलो. तिला सावलीत बरं वाटलं आणि बाकीच्यांनी कुणाला काय झालंय याची सगळी चौकशी करून घेतली.

वगळायच्या जागांची यादी वेगळी होती. बायांना एका नटाचं घर बघायचं होतं, पुरुषांना एका श्रीमंताची उंच इमारत. सोपानरावांनी दोन्ही साफ नाकारलं. खाली सावली नाही आणि तो काही चहाला बोलावत नाही, एवढंच कारण. एका वर्षी दोघं-तिघं हट्टाने त्या नटाच्या घरापुढे गेले, दोन तास उन्हात उभे राहिले आणि एका गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल बघून परत आले. पुढे कितीतरी वर्षं सहलीत त्या टॉवेलचा विषय निघायचा.

त्यांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मोठं पोस्ट. वर प्रचंड घुमट, खाली गार फरशी. पहिल्या वर्षी आम्ही एक्केचाळीस माणसं आत शिरून मिळेल तिथे टेकलो तेव्हा एक साहेब लगबगीने आले आणि काय काम आहे म्हणाले. सोपानराव शांतपणे खिडकीवर गेले आणि एक पोस्टकार्ड घेऊन आले. काम हे, म्हणाले, आम्हाला पत्र लिहायचंय. साहेबांनी एक्केचाळीस माणसांकडे बघितलं, मग त्या एका कार्डाकडे बघितलं आणि हसत निघून गेले. कार्ड माझ्या हातात आलं. कुणाला लिहायचं विचारलं तर त्यांनी आपल्या बायकोचं नाव सांगितलं. सौ. हिराबाई सोपान मोरे, केडगाव. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला: इथं बसायला जागा चांगली आहे. वर घुमट आहे. पंखा लागतो. तेव्हापासून दरवर्षी मोठ्या पोस्टात एक्केचाळीस-बेचाळीस माणसं बसायची आणि मी हिराबाईंना एक कार्ड लिहायचो. कार्ड पोचेपर्यंत सोपानराव घरी येऊन दोन-तीन दिवस झालेले असायचे. पोस्टमन ते त्यांच्याच हातात द्यायचा आणि हे ते आत नेऊन हिराबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे.

चौथ्या की पाचव्या वर्षी, घरी परतताना बसमध्ये, मी त्यांना विचारलं की या जागा साठ-साठ पावलांवरच का असतात. वहीत मी ते आकडे बघितले होते. ओट्यापासून बाक अठ्ठावन्न, बाकापासून कठडा साठ. त्यांनी आधी बस झोपलीय ना ते बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं.

हिराबाईंचं माहेर जामखेडच्या पलीकडचं, टँकरवर जगणारं. लग्नानंतर कधीतरी एका कॅलेंडरवर समुद्राचं चित्र बघून त्यांनी विचारलं होतं, एवढं पाणी खरंच असतं का. सोपानरावांनी ते मनात धरलं. नोकरीत जमलं नाही, मग मुलींची लग्नं, मग हिराबाईंचे गुडघे. दोघं रोज सकाळी देवीच्या देवळात जायचे. रस्ता अरुंद, म्हणून हिराबाई पुढे आणि हे मागे. त्यांच्या लक्षात आलं की साठेक पावलं झाली की ही थांबते. एखाद्या खांबाला हात लावते, मागे वळून बघते आणि मग पुढे चालते. रोज तसंच.

"गुडघं गेल्यात तिचं," ते म्हणाले. "बोलायची न्हाई ती. पन मी मोजलंय. साठाच्या वर न्हाई जमत."

म्हणून ही वही. हिराबाईंना समुद्र दाखवायचा, तर बसमधून उतरल्यापासून पाण्यापर्यंत आणि मधल्या दोन-चार ठिकाणी, साठ पावलांच्या आत टेकायला जागा पाहिजे. बाकीची एक्केचाळीस माणसं म्हणजे एका अर्थाने रंगीत तालीम होती. हे ऐकून मला या माणसाचा फार लोभ वाटला, आणि थोडा रागही आला. मी म्हटलं, मग आता न्या की. ते म्हणाले, रस्ता पुरा साठात बसला की नेतो. म्युझियमपासून गेटवेपर्यंतच्या वाटेत एक नव्वद पावलांचा तुकडा होता, तिथे बसायला काहीच नव्हतं. तेवढं अडत होतं.

त्या नव्वद पावलांनी त्यांची किती वर्षं खाल्ली ते मी बघितलंय. एका वर्षी मधोमध एक कट्टा सापडला, पुढच्या वर्षी तिथे खोदकाम निघालं. मग दुसऱ्या गल्लीने जायचं ठरलं, तिथला बाक कुणीतरी उचलून नेला. दर वेळी घरी आलं की हे वहीत खाडाखोड करायचे आणि हिराबाईंना सांगायचे, तुझ्या गुडघ्याला अजून जमायचं न्हाई. हिराबाई उठून आत जायच्या. चहा ठेवायच्या.

मधल्या एका वर्षाची गंमत सांगितल्याशिवाय सोपानराव पुरे होत नाहीत. त्या वर्षी आमच्याबरोबर एका बचत गटाच्या बाया होत्या, बारा-तेरा जणी. चौपाटीवर पोचल्यावर त्यांनी पिशव्यांतून तांदूळ, नारळ, खण काढले आणि रीतसर समुद्राची ओटी भरली. नदीची भरतात तशी. त्यातल्या थोरल्या बाईचा नारळ लाटेने परत आणून तिच्या पायाशी टाकला. तिने पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिचा चेहरा उतरला. सोडलेली ओटी देवाने माघारी दिली म्हणजे काय ते गावाकडच्या बाईला सांगावं लागत नाही. सोपानराव दुरून स्टॉपचं नाव सांगावं तसे ओरडले, "मावशे, माघारी न्हाई दिला, परसाद दिलाय. फोडा आन् वाटा." लगेच नारळ फुटला, सगळ्यांनी खाल्ला, बाई रडता रडता हसली.

तेवढ्यावर भागलं नाही. बायांनी बाटल्या भरून समुद्राचं पाणी गावी नेलं आणि काशीहून आल्यावर घालतात तसं मुंबईचं मावंदं घातलं. गावजेवण, पुरणपोळी, चौरंगावर बिसलेरीच्या बाटलीत समुद्र. गावच्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं की याला मंत्र कुठला म्हणायचा. मी आयुष्यभर फायली हाताळलेला माणूस, मला काय ठाऊक. म्हटलं, गंगेचा म्हणा, सगळ्या नद्या शेवटी तिकडेच जातात. सोपानराव पहिल्या पंगतीला बसले होते. घरी जाताना त्यांनी एक बाटली हिराबाईंसाठी मागून घेतली. हिराबाईंनी बोट बुडवून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं, एवढंच मला आठवतं.

मग करोना आला. दोन वर्षं सहल नाही, देऊळही नाही. त्यानंतर सोपानराव खूप थकलेले दिसायला लागले. मीही थकलो होतो, आमच्या वयाची सगळी गल्लीच थकली होती. पण त्यांची थकावट वेगळी होती. उगाच वही काढून बसायचे, पानं उलटायचे. एक दिवस येऊन म्हणाले, औंदा न्यायची तिला. नव्वद पावलांचं काय, मी विचारलं. त्यावर त्यांनी घरातून एक प्लॅस्टिकचं स्टूल आणून दाखवलं. लाल रंगाचं, हलकं. हे मी हातात घेतो, म्हणाले, जिथं थांबेल तिथं ठेवायचं. इतकी वर्षं ही साधी गोष्ट सुचली नाही म्हणून स्वतःवरच चिडले होते.

हिराबाईंना त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं, उद्या तुला यायचंय. त्या नाही म्हणतील, आढेवेढे घेतील, म्हणून समजावायला मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हिराबाई उठल्या, आत गेल्या आणि पाव तासात पिशवी बांधून बाहेर आल्या. ओटीचं सामानही त्यात होतं. मला समजावायला काही उरलंच नाही.

मुंबईत त्या दिवशी जे झालं ते मी मागे चालत सगळं बघितलं. राणीच्या बागेत हिराबाई ओट्यापाशी थांबल्याच नाहीत. बायांच्या घोळक्यात मिसळल्या आणि हत्तीकडे गेल्या, हत्तीकडून पक्ष्यांकडे. सोपानराव स्टूल घेऊन मागे. मोठ्या पोस्टात सगळे बसले, हिराबाई घुमटाखाली मान वर करून उभ्या. बस की, बस की, असं हे दोनदा म्हणाले. त्या नव्वद पावलांच्या तुकड्यावर त्यांनी हिशोबाने पन्नासाव्या पावलाला स्टूल मांडलं तोवर हिराबाई गेटवेच्या गर्दीत गेलेल्या. स्टुलावर कुणी बसलं नाही. मग सोपानराव बसले. मला म्हणाले, जरा दम खातो, तुम्ही व्हा पुढं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पाय घोट्याशी सुजून चपलेबाहेर आले होते.

चौपाटीवर वाळूत स्टूल रुतायला लागलं तेव्हा एका भेळवाल्याच्या चटईच्या कडेला ते टेकवलं आणि सोपानराव त्यावर बसले. हिराबाईंच्या चपला त्यांच्या मांडीवर होत्या. हिराबाई पाण्यात गेल्या, ओटी सोडली, बायांच्या हाताला धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. बराच वेळ. परत आल्या तेव्हा लुगडं ओलं होतं आणि चेहरा कोवळा झाला होता. सोपानराव उठायला लागले.

"दमली असशील. बस."

"तुमीच बसा."

"साठ पावलांवर थांबतीस तू. देवळात जाताना. मी मोजलंय."

हिराबाईंनी पदर पिळला. मग सहज, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "थांबते की. तुमी मागं ऱ्हाता म्हनून थांबते. पाय गेल्यात तुमचं, कवाधरनं. तुमाला बोललेलं आवडायचं न्हाई."

अर्धवट उठलेले सोपानराव पुन्हा बसले. मी भेळवाल्याकडे बघायला लागलो. पण ऐकू येत होतंच.

"मंग येवढी वर्सं आली का न्हाईस?"

"चल म्हनला का कवा? कार्डं धाडली नुसती."

तीस वर्षं ज्या माणसाला बसमध्ये कुणी उलटून बोललं नव्हतं, तो माणूस मांडीवरच्या चपलांकडे बघत बसला. वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीही. मीही माझ्या बायकोला काय झेपेल आणि काय नाही ते सगळं माझं मीच ठरवत आलो होतो, आणि आता विचारायला घरी कुणी नव्हतं. परतीच्या बसमध्ये सीटा मी मोजल्या. सोपानराव लोणावळा यायच्या आधीच झोपले. हिराबाई जाग्या होत्या. बायांशी शेवटपर्यंत बोलत होत्या.

पुढच्या वर्षी सहलीचं सगळं बचत गटानेच हातात घेतलं. सोपानरावांनी नेणं सोडलं होतं. डॉक्टरांनी पायांना पट्ट्या बांधायला लावल्या होत्या, घरातल्या घरात काठी. माझंही केडगावातलं आवरत आलं होतं. मुलीने मला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं आणि माझ्यात वाद घालायची ताकद राहिली नव्हती. तरी पहाटे बस लागल्याचा आवाज आला तेव्हा मी शाल पांघरून फाटकाशी गेलो.

हिराबाई बसमध्ये चढून बसल्या होत्या. सोपानराव काठी टेकत खाली उभे. बायांना काही सांगतील, मोजतील, पुढं सरका म्हणतील असं मला वाटलं. ते सरळ खिडकीपाशी गेले आणि मान वर करून उभे राहिले. मग मी त्या माणसाच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात ऐकलं.

"मी येऊ का गं?"

हिराबाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"या. पन खिडकीशी मी बसनार."

दोघी-तिघींनी हात देऊन त्यांना वर घेतलं. त्याला बराच वेळ लागला, पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. मग दार लागलं. त्यानंतर आठ दिवसांत मी पुण्याला आलो, आणि तेव्हापासून सोपानरावांची-माझी गाठ पडली नाही. त्या पहाटे बस पुण्याच्या रस्त्याला वळली तेव्हा मी हात केला. खिडकीत फक्त हिराबाई दिसत होत्या.